गेटवरचा गणपती

"बाई, चार वाजता अब्बा सही करणार आणि माझी नोकरी गेलीच समजा!"

पेणच्या रामवाडीत, विमलबाईंच्या गणपतीच्या कारखान्यात शाझिया धापा टाकत शिरली ती हे म्हणतच. श्यामला टिपणीस तिथे घरचा गणपती ठरवायला आल्या होत्या. एकेकाळी त्या रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, शाझिया त्यांचीच विद्यार्थिनी. आता खाजगी तपास करतात, आणि काय करतात! सोबत त्यांचे दीर गोपाळकृष्ण होते. माणूस लाखमोलाचा, फक्त डोकं जरा सावकाश चालतं.

"नीट सांग," श्यामलाबाई म्हणाल्या.

कोलाडजवळ सौर पॅनेलचा कारखाना येणार होता. जमीन देणाऱ्या घरटी एक नोकरी, असं ठरलेलं. शाझियाचं प्रशिक्षणसुद्धा झालं होतं. दहा दिवसांपूर्वी पोस्टाने कंपनीचं पत्र आलं: प्रकल्प रद्द. आता कारखान्याच्या मातीकामाचा ठेका मिळालेले दाजी तिच्या अब्बांची, सुलेमानभाईंची, तीच जमीन घ्यायला निघाले होते.

"कंपनीला विचारलं का नाही?"

"पेपरात रोज तेच येतं, बाई. हा प्रकल्प रद्द, तो रद्द. खरंच वाटलं. आज सकाळी कळलं की सही आजच आहे. रविवार, मुंबईला कोणी फोन उचलत नाही."

गोपाळकृष्ण ऐकता ऐकता एका मोठ्या मूर्तीला टेकायला गेले.

"ओ भावजी, हात नका लावू!" विमलबाई ओरडल्या. "ठरलेला हाय तो. नव्या कंपनीच्या गेटवर बसनार. परवाच फोन आला, प्रभावळीला निळ्या काचांचे चौकोन लावा म्हनून. टेम्पो पन नको म्हनाला, घरचा डंपर हाय."

मूर्तीच्या पाटाला चिठ्ठी होती. नाव नव्हतं, नुसता फोन नंबर. श्यामलाबाईंनी तो फोनमध्ये टिपून घेतला आणि उठल्या. "भावजी, गाडी काढा!"

कोलाडला कंपनीच्या पत्र्याच्या ऑफिसात अनय हा तरुण इंजिनीयर स्कूटर पुसत होता.

"पत्राचं मला कालच कळलं," तो म्हणाला. "मेल टाकलाय. दुसऱ्या राज्यातला आमचा बॅटरीचा कारखाना रद्द झाला, तेव्हाही मला शेवटीच कळलं होतं."

"कंपनीचं नाव छापलेले कोरे कागद कुठे असतात?"

"या टेबलावर. दत्तात्रेयकाका भांडायला येतात, दाजी चहाला येतात. दार उघडंच असतं."

दत्तात्रेय शेजारचे शेतकरी, कारखान्याचे पहिल्यापासूनचे वैरी. "रद्द झाला? बेस झालं!" ते खूश होऊन म्हणाले. "पन पत्र मी नाय लिवलं. मला भांडायचं असलं की मी तोंडावर भांडतो."

रोहा रस्त्यावर दाजींचं आवार. तीन डंपर ओळीने उभे, त्यांना नवा रंग लागत होता.

"काम तर गेलं. डंपर विकणार?" बाईंनी विचारलं.

"छे, छे! कशाला विकू?"

"आणि रद्द कारखान्याची जमीन कशाला हवी?"

"आंबा लावीन. सुलेमानभाईवर उपकारच करतोय मी."

गाडीत गोपाळकृष्ण म्हणाले, "वहिनी, दत्तात्रेयच! शंकाच नाही."

"भावजी, पुढे बघून चालवा."

चारला पाच मिनिटं कमी होती. सुलेमानभाईंच्या ओटीवर करारनामा उघडा होता, पेनाचं टोपण निघालं होतं. समोर दाजी बसले होते.

"थांबा!" श्यामलाबाईंनी पर्समधून फोन काढून एक नंबर लावला.

दाजींच्या खिशात फोन वाजला. शाझियाने तोंडावर हात ठेवला.

"हा नंबर पेणला एका गणपतीवर आहे," बाई म्हणाल्या. "नव्या कंपनीच्या गेटचा गणपती, मागे निळे चौकोन. सौर पॅनेलच ते! पत्र येऊन दहा दिवस झाले, चौकोन सांगितले परवा. अनयकडे स्कूटर आहे, मूर्ती न्यायला घरचा डंपर आहे तो तुमच्याकडे. काम गेलं म्हणता आणि डंपर रंगवता. कारखाना येतोय हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, दाजी. चहा पिता पिता कोरे कागद उचललेत. जमीन तुमच्या नावावर झाली की घरटी एक नोकरी तुमच्या घरात!"

"गनपती सांगितला तर काय गुन्हा झाला?" दाजी उसळले. "पत्र मलापन आलंय. रद्द म्हंजे रद्द!"

"बरं. मग गणपतीही रद्द करा." बाईंनी विमलबाईंना फोन लावून पुढे धरला. "म्हणा, हा गणपती नको."

"हॅलो? कोन बोलतंय?" विमलबाईंचा आवाज ओटीभर घुमला.

दाजी फोनकडे वाकले. त्यांनी फोनकडे बघून हात जोडले.

"नाय म्हनवत, बाई," ते पुटपुटले. "बाप्पाला कसं नको म्हनू? पत्र मीच लिवलं."

गोपाळकृष्णांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "अरे! म्हणजे दत्तात्रेय नाही!"

सुलेमानभाईंनी पेनाला टोपण लावलं. मग ते दाजींकडे वळले.

"मूर्ती येऊ दे तुझी," ते म्हणाले. "तुझ्याशी मी नंतर बोलेन. पण त्या दिवशी गेटवर माझी पोरगी कामाला असेल."

शाझिया हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली.

"वहिनी," गोपाळकृष्ण हळूच म्हणाले, "आपला गणपती ठरवायचा राहिला की हो!"