हंबीररावांची पोरं आणि शिळं पाणी

"टबाला हात लावायचा न्हाय हं, पावणं!"

प्रसेनजीतनं खरोखरच हात मागे घेतला. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पांढरी पळी, अशा थाटात तो गच्चीवर उभा होता. महापालिकेतर्फे डासांच्या अळ्या शोधत घरोघरची पिंपं धुंडाळायची, हे त्याचं काम. लोक ओरडतात, हे त्याला सवयीचं होतं. पण ओरडणारीचे डोळे असे… जाऊ दे. कामाच्या वेळी काम.

"मॅडम, टबात वळवळतंय की सगळं."

"वळवळणारच. जितं हाय ते."

"मग ओतायला लागतंय."

"ओता की. आधी मला ओता जिन्यावरनं, मग ते."

राजारामपुरीतल्या त्या गच्चीवर ऊन नुकतं तापायला लागलं होतं. संघप्रियानं एका बाटलीत टबातलं पाणी भरलं आणि त्याच्या नाकासमोर उन्हात धरलं. पाण्यात गुलाबीसर ठिपके टुणूक टुणूक उड्या मारत होते.

"अळी वाकडीतिकडी होत पळती. ह्या उड्या मारतात. पाणपिसवा हायत. माशांचं खाणं. बघा नीट."

त्यानं नीट बघितलं. बाटलीच्या पलीकडून तिचा एक डोळा काचेतून भला मोठा दिसत होता. पाणपिसवा बघायच्या राहूनच गेल्या.

"साहेबांना दाखवायला न्यावी म्हणतो… बाटली."

"न्या. पण परत पायजे. किडं साधं न्हाईत माझं. अख्ख्या कोल्हापुरातली माशांची दुकानं माझ्याकडनं नेतात."

हे ती जरा जास्तच मान ताठ करून म्हणाली, पण खोटं काही नव्हतं. कुणी शिकवलेलं नव्हतं तिला. टब नासवत, टब सुधारत ती एकटीच शिकली होती. 'पोरीची जात आणि किडं पाळती', असं म्हणणाऱ्या गल्लीला तिनं उत्तर दिलं नव्हतं. टब मात्र एकाचे तीन केले होते.

पुढच्या गुरुवारच्या फेरीला प्रसेनजीत आला. बाटली आणली नव्हती.

"विसरलो."

त्यापुढच्या गुरुवारीही विसरला.

"पावणं, तुमचं डोकं तेवढं जाग्यावर हाय का, का ते बी साहेबांना दाखवायला नेलंय?"

"डोकं हाय," तो म्हणाला. "बाकीचं सांगता येत न्हाय."

ती वळून टब ढवळायला लागली. ढवळायचं तसं काही कारण नव्हतं.

गच्चीवर तो अळ्या बघायचा पाच मिनिटं आणि प्रश्न विचारायचा पाऊण तास. पाणी हिरवं का ठेवायचं? यीस्ट किती टाकायचं? पोरगं गप्पा मारायला निमित्त शोधतंय, हे तिला कळत होतं. तरी ती सगळं सांगायची, इत्थंभूत. आपल्या कामाबद्दल कुणी इतकं विचारलं नव्हतं ना कधी!

तिनं त्याला हंबीरराव दाखवले. हंबीरराव म्हणजे तिचा म्हातारा फायटर मासा. लालभडक, शेपटी जरा झिजलेली, पण रुबाब सरदाराचा. तोंडानं फुगे काढून त्यांनी पाण्यावर फेसाचं घरटं बांधलं होतं आणि खाली अंडी राखत ते पहारा देत होते.

"आणि बायकू?"

"ती अंडी घालून मोकळी. पोरांचं सगळं बाप बघतो."

"चालंल की," प्रसेनजीत म्हणाला. "आपल्याला काय अडचण न्हाय."

"तुम्हाला कोण इचारलंय?"

"न्हाय… हंबीररावांच्या बाजूनं बोललो."

त्या दिवशी जिना उतरताना तो हसत होता. संघप्रिया वर एकटीच हसत होती, म्हणजे कुणी बघत नाही असं तिला वाटत होतं. तिची आई मीनाबाई खाली शिलाई मशिनीवरून बघत होत्या.

आता पाण्याचं सांगायला हवं. नळाच्या ताज्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. माणसाला ते चालतं, पाणपिसूला चालत नाही. म्हणून नळाचं पाणी निळ्या बादलीत धरायचं आणि दोन दिवस उघडं ठेवून औषध उडालं, पाणी शिळं झालं की लाल बादलीत ओतायचं. टबात जायचं ते लाल बादलीतलंच. हा नियम संघप्रियानं झोपेतही मोडला नसता.

पण पुढच्या गुरुवारी ती जागी होती, हाच घोटाळा झाला. नुकतेच धुतलेले केस पाठीवर मोकळे होते, गल्लीच्या तोंडाशी ओळखीची हाक आली होती, "पिंप झाकलंय का, मावशी?" आणि उन्हानं टब निम्मे आटले होते. तिनं लगबगीनं बादली उचलली आणि तिन्ही टब भरले. निळी बादली.

तो आला, बोलला, गेला. संध्याकाळी टबात एकही उडी नव्हती. सगळा गुलाबी जीव तळाशी निपचित पडला होता.

हंबीररावांची पोरं नुकतीच पोहायला लागली होती. पापणीच्या केसाएवढी. हललं तरच ते खाणं, नाहीतर तोंड उघडायची नाहीत. एरवी राखीव बाटली असायची; ती तिनं परवाच एका गिऱ्हाइकाला देऊन टाकलेली. दुकानदारांकडे मागावं, तर त्यांनी नेलेलं त्यांच्या माशांनी कधीच फस्त केलेलं. आणि हंबीरराव आता पुन्हा घरटं बांधतील असं वय त्यांचं राहिलं नव्हतं. ही पोरं गेली की त्यांचं नाव संपलं.

प्रसेनजीतचा फोन आला. तिनं उचलला नाही. काय सांगायचं? तुमच्या हाकेनं माझे टब मेले?

सकाळी तो दारात आला. ती गच्चीच्या कठड्याआड बसली. खालून आईचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला, "आता काय सांगू बाबा, किडं मेल्यात सगळं! पोरीनं रात्री भाकरीला हात लावला न्हाय!"

मग त्याची पावलं… जिन्यावर नाही. गल्लीच्या तोंडाकडं. घाईघाईनं.

संघप्रियानं कठड्यावरून बघितलं. पाठमोरा, एकदाही न वळता निघालेला. बरोबर आहे, तिला वाटलं. किडे होते तोवर निमित्त होतं. तिनं मान ताठ ठेवायचा प्रयत्न केला. डोळ्यांनी ऐकलं नाही.

उन्हं कलली तेव्हा जिन्यावर धाप लागल्याचा आवाज आला. प्रसेनजीत वर आला. घामानं निथळत, पँट गुडघ्यापर्यंत ओली, मिठीत झाकणाची बादली.

"कुरुंदवाडला घरी गेलतो," तो म्हणाला. "येष्टीत मांडीवर धरून आणली. थोडं सांडलं… रागावू नगा."

तिनं झाकण काढलं. हिरव्या पाण्यात गुलाबी ठिपके उड्या मारत होते. दाट. तिच्या टबातसुद्धा क्वचितच असत, इतके दाट.

"ही…"

"तुमचीच. त्या बाटलीतली. तुम्ही सांगत गेला, मी तसं करत गेलो. आई रोज उन्हात सरकवती. म्हणून बाटली आणत नव्हतो. भरून द्यायची हुती."

बारीक गाळणीनं तिनं लहानात लहान पिसवा वेगळ्या केल्या आणि पोरांच्या भांड्यात सोडल्या. दोघं वाकून बघत राहिले. एका केसाएवढ्या पोरानं अंग वाकवलं, नेम धरला… आणि झडप! मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. जरा वेळानं त्यांची पोटं गुलाबी दिसायला लागली. पलीकडच्या काचपेटीत हंबीररावांनी झिजलेल्या शेपटीचा पिसारा पूर्ण फुलवला.

खाली मीनाबाई शेजारच्या धोंडुबाईंना ऐकवत होत्या, "तर! माझ्या पोरीचं किडं कुरुंदवाडपर्यंत गेल्यात!"

"माझी चूक हुती," संघप्रिया अखेर म्हणाली. तिला हे म्हणायला फार जड गेलं. "निळी बादली ओतली मी. तुमची हाक आली आणि…"

"आणि?"

"काय न्हाय. येष्टीत कुणी काय म्हणलं न्हाय का?"

"कंडक्टर इचारत हुता, काय हाय बादलीत. म्हटलं, सासुरवाडीचा माल हाय."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मान मात्र ताठच.

"लई ताजं ताजं ओतताय की, पावणं. ताज्यानं काय हुतं, बघितलंत न्हवं? आधी उघडं ठेवायचं. शिळं हुऊ द्यायचं. मग ओतायचं."

"पहिल्या दिवसापासनं मन उघडं ठेवलंय," तो हळू म्हणाला. "आजून किती शिळं करू, संघप्रिया?"

वाऱ्यानं तिचे केस त्याच्या ओल्या बाहीवर आले. तिनं ते मागे घेतले नाहीत. रिकामा, घासून लख्ख केलेला टब तिनं पायानं त्याच्यापुढे सरकवला.

"ओत मग," ती म्हणाली. "हळू… काठानं."