मास्तरांचे नवे लेखन

‘कोण कोणास म्हणाले?’ या प्रश्नाखाली एक वाक्य दिलं होतं : ‘खाडीनं आजवर पोसलं, म्हणून जन्मभर खाडीच्या पदराला धरून बसू नका.’

दहावीतल्या ओवी म्हात्रेनं त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘कोणीच कोणास म्हणाले नाही. हे वाक्य अनुलेखकाने तयार केले आहे.’

सुमेधा गवस यांनी त्या उत्तराला पूर्ण गुण दिले आणि पुढचा पेपर ओढला. बाकी सगळे पेपर आता पडद्यावर होत; तोरस्कर मास्तरांचा तेवढा हातानं लिहावा लागे. कायद्यात तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक देवस्थळींनी त्यांना बोलावून घेतलं.

“गवसबाई, हे काय केलंत?”

“बरोबर उत्तराला गुण दिले.”

“उत्तरसूचीत आहे, तोरस्कर मास्तर मिठागरातल्या कामगारांना म्हणाले.”

“कधी म्हणाले?”

देवस्थळींनी चष्मा काढून पुसला. “तुम्ही भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या. मास्तरांचा तास तुमच्या गळ्यात मारला ही माझीच चूक.”

खरं तर तो तास त्यांनी मागून घेतला होता. इंग्रजांच्या मीठ खात्याशी उभा दावा मांडणारे, खाडीकाठच्या पोरांना बांधावर बसवून शिकवणारे तोरस्कर मास्तर राष्ट्रपुरुष ठरले. त्यांचं चरित्र आणि लेखन प्रत्येक शाळेत शिकवण्याचा कायदा झाला, त्यात नापास तो दहावीला नापास. तेव्हा गवसबाईंना आनंदच झाला होता. मास्तरांच्या तुरुंगातल्या पत्रांवर त्यांचा जीव होता.

त्या पत्रांना वाळवी लागलेली. गेलेले शब्द भरायला अनुलेखक आला. एखाद्याचं सगळं लेखन वाचून, त्याच्या लेखणीतून पुढचा शब्द कोणता उतरला असता याचा अंदाज बांधणारं यंत्र. सुरुवातीला काम चोख होतं. यंत्रानं भरलेला शब्द पुस्तकात राखाडी शाईत छापत. मग शब्दांच्या ओळी झाल्या, ओळींची पानं झाली. पुढे मास्तरांचे आख्खे नवे लेख निघू लागले, आणि कायद्यात दुरुस्ती झाली : प्रमाणित पूरक लेखन हेही मास्तरांचंच लेखन. राखाडी शाईनं मुलांच्या डोळ्यांना त्रास होतो असं कारण देऊन यंदाची आवृत्ती सगळी काळ्या शाईत आली होती. खाडीवर बंदर व्हायचं होतं. मास्तर खाडी सोडा म्हणू लागले तेही यंदाच.

“सर, प्रयोगवहीत आलेख काढताना आपण मुलांना काय सांगतो?” गवसबाई म्हणाल्या. “दोन मोजलेल्या बिंदूंच्या मधे रेष जोडा. शेवटच्या बिंदूच्या पुढे न्यायची तर तुटक काढा, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की इथून पुढे अंदाज आहे. ती तुटक रेष जो सलग करतो, त्याला आपण लबाड म्हणतो.”

“इथे मला म्हणा. ऑफिसात म्हणू नका.” देवस्थळींचा आवाज खाली आला. “गुण कापा, नाहीतर अपील करा. पोरीनं थेट मास्तरांना विचारायचं, अशी तरतूद आहे.”

“मास्तरांना जाऊन शंभर वर्षं झाली.”

“मी काय म्हणतोय ते कळतंय तुम्हाला.”

अपील करायचं ओवीनंच ठरवलं. “बाई, यंत्राला विचारूया ना, तू यंत्र आहेस का,” ती म्हणाली आणि हसली. गवसबाईही हसल्या.

जिल्हा शिक्षण कार्यालयात त्यासाठी एक वेगळी खोली होती. मास्तरांची हार घातलेली तसबीर, तिच्याखाली अनुलेखकाचा ध्वनिक्षेपक. ढवळे नावाच्या अधिकारीबाईंनी ओवीची माहिती यंत्रात भरली : नाव, गाव, वडिलांचा धंदा.

“कोण गं तू, पोरी?” आवाज थकलेला, मायाळू होता. मास्तरांचा आवाज कधी कुठे मुद्रित झालाच नव्हता.

“ओवी म्हात्रे. कोपरपाड्याची.”

आवाज थोडा थांबला. “कोपरपाड्याचे म्हात्रे. म्हणजे गोमाच्या घरातली तू. मीठ खात्याचे शिपाई आले तेव्हा बांधावर आडवा पडला होता गोमा. त्याच्या टाचांच्या भेगांत मीठ शिरलेलं मला बघवेना. त्यालाच म्हणालो होतो मी हे. हट्टी होता, ऐकलं नाही त्यानं.”

ढवळेबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. ओवीच्या ओठांवरचं हसू गेलं होतं.

“हा गोमा कोणत्या पत्रात आहे?” गवसबाईंनी विचारलं. “मी सगळी वाचलीत. दाखवा.”

“मॅडम, आता आहे ना,” ढवळेबाई शांतपणे म्हणाल्या. “इथलं बोलणं आपोआप प्रमाणित होतं. पुढच्या आवृत्तीत येईल.”

गवसबाईंना पत्रांची ती जुनी पानं आठवली. वाळवीनं खाल्लेल्या भोकाला निदान कडा होत्या. त्या कडांना धरून शब्द शोधता येत होता. कोपरपाड्यात तर तेव्हा कोणी लिहीतच नव्हतं. तिथे काहीही भरा. खोडून काढायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. ज्यांना कोणी अक्षर दिलं नाही, त्यांच्याच तोंडावर हे लोक अक्षरं फेकत होते.

परतताना एसटीत ओवी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “बाई, माझं उत्तर चुकलं ना?”

“नाही चुकलं.”

“पण त्यांना टाचा आठवत होत्या.”

आठवड्याभरानं ओवीचे वडील, जगदीश म्हात्रे, शाळेत आले. बंदराच्या संमतिपत्रावर खाडीकाठच्या सगळ्या पाड्यांनी सह्या केल्या होत्या. कोपरपाडा तेवढा उरला होता, आणि तो जगदीशच्या शब्दाबाहेर नव्हता. त्यांच्या हातात एक चौकट होती. काळासावळा, रुंद कपाळाचा माणूस. कार्यालयानं बनवून पाठवलेला गोमा.

“आमचे घरान पनज्याच्या मागचा कोनालाच ठाव नव्हता, बाई,” ते म्हणाले. “आता सगला पाडा बोलतंय, म्हात्र्यांचा गोमा. पोरांना पुस्तकान शिकवतील त्याला.”

“आणि सही?”

“ती आयतवारी. आदी गोमाची पूजा, मंग सही. मास्तरांनी सवता सांगला होता त्याला, खाडी सोर. तवा नाय आयकला. आमी तरी आयकावा.”

“जगदीशभाऊ, ते मास्तर नव्हते. ते यंत्र आहे. गोमा त्यानं रचलाय.”

जगदीश यांनी चौकट आपल्याकडे वळवली. “म्हंजे आमच्यातला कोनीच नव्हता बांदावर?”

गवसबाईंच्या मनात आलं : असणार. कोणीतरी नक्की असणार. नाव नसलेला.

“तुमी शिकल्याल्या,” जगदीश म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “आयतवारी चार शबूद तुमीच बोलायचं. पाडा तुमचा आयकल.”

ओवी त्यांच्या मागे दारात उभी होती. वर्गात ती कधी इतकी ताठ उभी राहिली नव्हती. बाईंच्या चेहऱ्यावरून ती नजर काढत नव्हती. तिला रविवारी काय ऐकायचं होतं?