नाल्यापलीकडचं पांढरं फडकं

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

मला आता ऐंशी पूर्ण झाली. काल काय जेवले ते आठवत नाही. पण १९६१ च्या ऑक्टोबरातला तो शनिवार मिनिटामिनिटाने आठवतो. जागा, पूर्व मोंटानातला आमच्या घरामागचा माळ. वेळ भर दुपारची. डोक्यावर लख्ख ऊन.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

आम्ही तिघं हरणांच्या शिकारीला गेलो होतो. मी, माझा मोठा भाऊ हालवर आणि अँडर्सकाका. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. त्या शिकारीसारखं सुख पुन्हा कशात मिळालं नाही. चारी बाजूंना आभाळ टेकेपर्यंत पिवळं गवत, झाड औषधालाही नाही. पोटावर सरपटून कोपरं सोलून निघायची. गार झालेली कॉफीसुद्धा गोड लागायची. आणि घरी आल्यावर कांद्यावर परतलेली ताजी कलेजी!

आमच्याकडचं हरीण वाऱ्यासारखं पळतं, पण त्याला एक खोड आहे. कुतूहल. गवतात उताणं पडायचं आणि काठीला बांधलेलं पांढरं फडकं हलवत राहायचं. कळप थबकतो. बघतो. दोन पावलं पुढे येतो, बाजूने फिरतो, पुन्हा पुढे... शेवटी आपण होऊन बंदुकीच्या टप्प्यात येतो. आमच्या भागात हे घरोघरी यायचं.

त्या दुपारी कळप अर्ध्या मैलावर होता. काकांनी फडकं हलवायला घेतलं.

तेवढ्यात मला दिसलं... कळपाच्या पलीकडे आणखी एक पांढरं फडकं हलत होतं.

"टटल!" हालवर दात खाऊन म्हणाला. "दुसऱ्या कुणाची हिंमत नाही."

रॉईस टटल आमचा शेजारी. आदल्या वर्षीही त्याने आमचा कळप असाच पळवला होता.

"हळू बोल," काका म्हणाले. "हरणांना शिव्या कळत नसल्या तरी ऐकू येतात."

मी दुर्बीण लावली. फडकं दिसलं. काठी दिसली. माणूस दिसला नाही. उताणा पडलेला माणूस गवतात दिसत नाहीच, म्हणा.

पण वारा पश्चिमेचा होता. सगळं गवत पूर्वेकडे वाकलं होतं.

फडकं मात्र पश्चिमेकडे उडत होतं...

आणि हरणं? एकही त्या फडक्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या ढुंगणावरचे पांढरे केस ताठ उभे राहिले होते. धोका दिसला की ती असं करतात. मग अख्खा कळप आमच्याच दिशेने सुटला. आमच्यापासून दहा पावलांवरून गेला. एकानेही आमच्याकडे पाहिलं नाही.

काकांनी बंदूक उचललीच नाही. "हालवर, घरी चल."

"दहा मिनिटं, काका. ते फडकं त्याच्याच तोंडात कोंबून येतो."

"मग बंदूक इथं ठेव. भांडायला हात पुरेत."

हालवर बंदूक ठेवून तणतणत गेला.

थोड्या वेळाने मागून गाडीचा आवाज आला. जुना हिरवा ट्रक. खिडकीतून कोण डोकावलं?

टटल.

"काय म्हातारबा, अजून आहात होय? थोरा, तुझा भाऊ कुठं निघालाय लग्नघाईने?"

काकांनी पलीकडच्या फडक्याकडे बोट दाखवलं.

"तुला धरायला," काका म्हणाले.

टटल हसला. मग त्याने समोर पाहिलं आणि हसू विरलं. "तिकडं कोण आहे?"

"आम्हाला वाटलं, तू."

"अहो, ते फडकं नाल्याच्या पलीकडे आहे! मध्ये साठ फुटांचा उभा कडा आहे!"

हालवरला तो कडा आमच्यापेक्षा चांगला माहीत होता. तरी तो चालत होता. आता रागाने नाही. थबकायचा. बघायचा. दोन पावलं पुढे. बाजूला. पुन्हा पुढे...

काकांनी हवेत तीन बार काढले. आमच्यात तीन बार म्हणजे मागे फिरा. त्याने मानही वळवली नाही. मधली जमीन बिळांनी पोखरलेली, तिथे ट्रक जाणार नव्हता. धावून गाठणंही शक्य नव्हतं.

मी काकांच्या हातातलं फडकं हिसकावलं. गवतात उताणी पडले. हलवू लागले.

मला फक्त आभाळ दिसत होतं. बाकी सगळं टटलच्या तोंडून ऐकत होते.

"थांबला... वळला... इकडं बघतोय... नाही, पुन्हा तिकडं... हलव पोरी, थांबू नकोस!"

हात भरून आले. मी रडत होते.

"इकडं... तिकडं... येतोय. थोरा, येतोय!"

तो सरळ आला नाही. लांबून वळसा घालून, आमचा वास त्याच्याकडे जाईल अशा, वाऱ्याच्या खालच्या बाजूने आला. चाळीस पावलांवर थबकला. नाकपुड्या हलत होत्या.

"हालवर, बाळा, आम्हीच आहोत रे," काका म्हणाले.

तरी बऱ्याच वेळाने तो जवळ आला.

दुसऱ्या दिवशी काका आणि टटल नाल्यावर जाऊन आले. हालवरच्या पायांचे ठसे कड्यापासून दोन पावलांवर थांबले होते. पलीकडे गवत कुठेही दबलेलं नव्हतं.

हालवरने पुन्हा बंदूक धरली नाही. लग्न झालं, चार मुलं झाली. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. आज तो शहाऐंशीचा आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच कॉफी पीत होतो.

तो एकदम म्हणाला, "फडकी दोन होती, थोरा. दोन्हींखाली तूच पडली होतीस."

मी कप खाली ठेवला. "पण तू माझ्याकडेच आलास ना?"

"मी एकीकडे आलो." त्याने भिंतीवरच्या मुला-नातवंडांच्या फोटोंकडे पाहिलं. "हे सगळं कुठलं आहे, ते मला अजून कळलेलं नाही."

"वेडा की काय! ही बघ मी, हाडामांसाची." मी हात पुढे केला.

त्याने तो धरला नाही. खुर्ची जरा मागे सरकवली... आणि तिथूनच माझ्याकडे बघत राहिला.