पहिली जागा

वाटूरच्या कबड्डी संघाला पन्नास वर्षं होत होती आणि स्मरणिकेसाठी संघाचा इतिहास लिहायचं काम राजानंद सरांच्या गळ्यात पडलं. पडणारच की! एकेकाळचे कप्तान, त्यात गणिताचे मास्तर. आकडा जुळला नाही तर ह्या माणसाला घास गोड लागत नसे.

जुने फोटो मांडले, तर एकोणनव्वदनंतरच्या प्रत्येक फोटोत तीच गंमत. बाद होऊन मैदानाबाहेर बसलेल्या गड्यांच्या रांगेत पहिली जागा मोकळी. आणि गुणलेखक कडूबामामा नेमकी एकोणनव्वदची वही देईना. सरांच्या मनात पाल चुकचुकली. त्या साली ढाल एका गुणानं जिंकली होती. म्हाताऱ्यानं लबाडी तर केली नव्हती?

रविवारी दुपारी सर सराव बघायला म्हणून गेले. ऊन रणरणत होतं. एक गडी बाद झाला, बाहेर आला आणि पहिली जागा सोडून बसला.

"मामा, ही जागा कुणाची?"

"शिवाजीची."

छातीत कळ येतेय म्हणणाऱ्या शिवाजीला एकोणनव्वदला शेवटच्या चढाईवर कप्तान म्हणून सरांनीच धाडलं होतं. पोरगा मधल्या रेषेवर पडला तो उठलाच नाही.

"वही दाखवा."

कडूबानं काढून दिली. शिवाजीपुढे लिहिलं होतं, 'मेला', म्हणजे खेळातला बाद.

"अहो, त्याचा हात रेषेला लागला होता! गडी बाद नव्हता. 'मेला' कसं लिहिलंत?"

"मेल्ता ना, सर," कडूबा हळूच म्हणाला. "घाबरून लिहून गेलो. पन लिहिलं ते लिहिलं. पैला मेला तो पैला जिवंत व्हनार. तवापासून बसून राह्यलाय."

"मग उठला का नाही?" सरांनी विचारलं.

"त्याच्या जागी बसाया बदली गडी कोन देनार?"

"बिलकुल खुळचटपणा!" सर संतापले आणि तरातरा जाऊन पहिल्या जागेवर बसले.

एवढ्या उन्हात ती माती गार होती.

मैदानात आपल्या गड्यानं गुण घेतला. पंचांनी शिट्टी फुंकली.

"एक जिवंत!"

शेजारचा गडी जागचा हलला नाही. मैदानातले सहाजण मात्र सरकले आणि मध्ये एकाची जागा केली.

सर उठायला गेले. पाय उचलेनात.

"मामा, हात द्या."

कडूबानं शिवाजीच्या 'मेला'पुढे 'जिवंत' लिहिलं. मग नवी ओळ धरली.

"सर, तुमचं पुरं नाव सांगा."