घटकाभर मोटारी बंद

बारामतीत, पोरींनो, मोटार वाइंडिंगच्या दुकानाशेजारी एक जिना हाय. निरवांगीची उत्कर्षा पाण्याची जळकी मोटार दुरुस्तीला टाकून तिथं उभी व्हती, तर जिन्यावरनं गाणं आलं. बाईचा आवाज... असला, की रस्त्यानं चाललेला उसाचा ट्रॅक्टर आपोआप न्यूट्रलवर पडला! उत्कर्षा वर चढली. दाराबाहेर चपला काढल्या, केस सारखे केले, आणि आतल्या बाईंचं गाणं मोडू नये म्हणून उंबऱ्यावरच थांबली.

गाणं संपलं. पडद्याआडनं एक तरणा पोरगा बाहेर आला. ऋषिराज त्याचं नाव, हे वरचं गाण्याच्या यंत्रांचं दुकान त्याचंच.

"बाईंना पाणी तरी द्या की हो," उत्कर्षा कुजबुजली. "किती वेळ गात्यात!"

"कुठल्या बाई?"

"आतल्या."

त्यानं पडदा सारला. आत दोन उंच स्पीकर, फिरती रेकॉर्ड, आणि मधे एक ॲम्प्लिफायर. त्याच्यावर जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे वॉल्व्ह, शेगडीतल्या निखाऱ्यागत लालसर. बाई न्हाय, कुणी न्हाय! उत्कर्षानं स्पीकरच्या मागं जाऊनसुदीक बघितलं. ऋषिराजला हसू आलेलं, पण तिचे डोळे बघितले आन् ते घशातच राहिलं.

"मला असलंच पायजे," ती म्हणाली.

"निवांत ऐकून ठरवा," तो म्हणाला. "घाई केली तर फसाल."

त्या साली डाळिंबानं हात दिलेला. जोतीरामतात्यांनी लेकीला विचारलेलं, काय घेऊ तुला? बाकीच्या पोरी सोनं मागत्यात, हिनं गाण्याचा डबा मागितला. मग काय, वर्षभर दर आठवड्याला बारामती! ऋषिराज नवा ॲम्प्लिफायर जोडायचा, ती डोळं मिटून ऐकायची, आणि खोड काढायची.

"ह्यात तबला जरा... लांब बसलाय."

"अगदी बरोबर. हा तुम्ही घेऊच नका."

"आणि तो चमकणारा?"

"तो? छे! त्यात बाईंना सर्दी झाल्यासारखी वाटते."

"तुमी इकायला बसलाय का न्हाय?"

"बसलोय की..." तो उगाच वायरीशी चाळा करायचा.

आपल्याच मालाला नावं ठेवणारा असला दुकानदार अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा न्हाय! पण उत्कर्षाला कळत व्हतं. ॲम्प्लिफायर ठरला, की जिना संपला. मग कुठल्या तोंडानं यायचं हितं?

शेवटी एकच उरला — पहिल्या दिवशीचा, वॉल्व्हवाला. त्याला नाव ठेवायला दोघांचीबी जीभ रेटंना.

"घरी लावून बघू," तो खाली बघत म्हणाला. "तिथं आवडला तर... ठरलं म्हणायचं."

ऋषिराजनं आणला निरवांगीला, स्पीकर-रेकॉर्डसकट. इतका जड, की चढाला जीप पुढची दोन चाकं उचलून घोड्यागत चालली!

तात्यांनी विचारलं, "किती वॅटचा?"

"आठ."

"आठ?" तात्या बाजंवरनं पडायचे राहिले. "अहो पाव्हणं, आमच्या गोठ्यातला बल्ब ह्याच्यापरीस दांडगा हाय! वरातीतला डीजे नाश्त्याला खाईल ह्याला."

"तात्या, आधी ऐका तर!"

बटण दाबलं. वॉल्व्ह मिणमिणले... आणि घुर्रर्र! शेतीची लाईट आलेली, नीरा नदीच्या काठाला झाडून सगळ्या मोटारी चालू, व्होल्टेज पार तळाला. बाईंचं गाणं त्या घरघरीत बुडालं.

ऋषिराज उठला. तोंड पडलेलं, पण डोळ्यांत कुठंतरी सुटका. "इथं जमायचं नाही. परत नेतो. पुन्हा... नव्यानं शोधू."

उत्कर्षाला व्हय म्हणायचं व्हतं. आणखी वर्षभर जिना! पण त्या आवाजाला असं बुडवून माघारी धाडायचं? तिला ते सोसंना.

"न्हाय," ती म्हणाली. "तात्या, काठाला फोन लावा. घटकाभर मोटारी बंद करा म्हणावं."

तात्यांनी आ वासला. लाईट असताना मोटार बंद? हितं लगीन लागतानासुदीक कुणी करत न्हाय! पण लेकीचं तोंड बघितलं, आणि फोन उचलला. "लखन, तुझी मोटार बंद कर रं, काठावरच्या बाकीच्यांनाबी सांग. का म्हंजे? माझी पोरगी गाणं ऐकतीया!"

एकेक मोटार थांबत गेली. ह्या काठाची... मग त्या काठाची. आणि पोरींनो, जी शांतता पडली! उसाचं पान पानाला घासंना. नीरेतले मासे माना वर काढून बघायला लागले, झालं काय म्हणून. वॉल्व्ह उजळले.

गायच्या आधी बाईंनी श्वास घेतला. नुसता श्वास! उत्कर्षाच्या अंगावर काटा आला. मग सूर लागला, आणि खोलीच्या भिंती कुठल्या कुठं गेल्या. झोपतानाबी न निघणारी टोपी तात्यांनी काढली आणि मांडीवर ठेवली.

गाणं संपलं.

"काही खोड?" ऋषिराजनं वायर सारखी करत विचारलं.

"एकबी न्हाय. हाच ठरला."

त्यानं मान हलवली. पक्कड पिशवीत टाकायला गेला, तर पिशवीचं तोंडच गावंना.

"ह्याचं ठरलं," उत्कर्षा हळूच म्हणाली. "तुमचं?"

"माझं... काय?"

"तुमच्याबी खोडी काढल्यात मी. चहा गार करून पिता. बघता माझ्याकडं, आणि दावता वायरीकडं बघितल्यागत. पण आज घरी आणून बघितलं, तर..." ती लाजून थांबली. "तर घरच्यांना धाडा. तात्यांशी बोलायला."

ऋषिराजच्या हातातली पक्कड खाली पडली. तात्यांचे डोळे अजून मिटलेलेच व्हते.

"रविवारी धाडा," ते म्हणाले. "आणि जावईबापू, आता दुसरी बाजू लावा. मोटारी ऱ्हाऊ द्या तशाच."