शुक्रवारची सरळ रेघ

मधल्या पेटीचं झाकण उचललं आणि माधवीताई किंचाळल्याच. पेटीत मधमाशी एकही नाही! नुसत्या फरशा. उपेंद्रदादांच्या अंगणातल्या, राखाडी, एकावर एक नीट रचलेल्या.

"अगं बाई, माझ्या माशा कुठायत?"

दचकून उपेंद्रदादांच्या हातातलं शेजारच्या पेटीचं झाकण धाडकन पडलं, आणि मग काय विचारता! त्या पेटीतली अख्खी फौज उसळली. सूट फक्त ताईंच्या अंगावर. चौघं पळत सुटले ते थेट बागेतल्या शेडमध्ये. कडी लावली. शेड ती केवढी? गवत कापायचं मशीन, दोन फावडी आणि त्यात ही चार माणसं. काचेवर माशा गारांसारख्या आपटत होत्या.

"आता अंधार पडेपर्यंत कुणी हलत नाही," हर्षवर्धन म्हणाला. हा उपेंद्रदादांच्या ऑफिसातला, पेट्यांमध्ये भागीदार.

"बरंच झालं. तोवर गुंजन बोलेल," ताई म्हणाल्या.

गुंजन म्हणजे आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला एमएससी करणारी पोरगी. ताईंच्या तिन्ही पेट्यांखालचे काटे तिनेच बनवलेले. बाथरूमच्या मोडक्या वजनकाट्यांचे सेन्सर, दोन प्लायवूड, एक बॅटरी. पेटी न उघडता वजन चौघांच्या फोनवर.

"काल शनिवारी इथे कोण आलं होतं?"

"मी. काट्यांवर प्लास्टिक घालायला. तुम्ही तिघं मंडळाच्या कार्यक्रमाला होतात."

"आणि माशा नाहीत हे दिसलं नाही?"

"पाऊस होता ना, ताई. पावसात त्या आतच बसतात."

"परवा, शुक्रवारी तर सगळं ओके होतं, यार," हर्षवर्धन मध्येच म्हणाला. "छान ऊन होतं. मी स्वतः बघितलं. पायांना पिवळे पराग लावून ह्याच पेटीत भराभर शिरत होत्या."

म्हणजे उरला शनिवार. आणि शनिवारी कोण? गुंजन.

"पण वजन तर तेवढंच दाखवतंय," उपेंद्रदादा गोंधळले.

"काटा तिचा, पासवर्ड तिचा," हर्षवर्धन हळूच म्हणाला.

"हीच पेटी तुला प्रोजेक्टसाठी हवी होती. मी नको म्हटलं," ताई म्हणाल्या. "बाहेर पडले की गार्डाला फोन करणार मी."

गार्डा म्हणजे इथले पोलीस! पुढच्या महिन्यात गुंजनचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. चोरीची तक्रार झाली की नागपूरचं तिकीटच. पळणार तरी कुठे? बाहेर माशा, आत हे.

तिने फोन काढला. तीन पेट्या, तीन रेघा. बघत राहिली, बघत राहिली... आणि एकदम ताठ झाली.

"दादा, बुधवारी मी कुठे होते?"

"डब्लिनला, ब्युमॉन्ट हॉस्पिटलमध्ये. तुझ्या मैत्रिणीच्या, रेवतीच्या ऑपरेशनला. मीच तर तुला बसला सोडलं."

"आणि बुधवारी ग्रुपवर कुणाचा मेसेज होता? 'मधल्या काट्याची बॅटरी बदलली, ऑल ग्रँड'?"

उपेंद्रदादांनी वळून हर्षवर्धनकडे पाहिलं. काचेवर नुसती गुणगुण.

"ही शुक्रवारची रेघ बघा, ताई. कडेच्या दोन्ही पेट्या सकाळी हलक्या झाल्या, कारण माशा बाहेर पडल्या. संध्याकाळी परत जड, माशा मध घेऊन घरी. पेटी श्वास घेते, ताई! आणि ही मधली?"

"सरळ," ताई पुटपुटल्या.

"सरळ तर गुरुवारीही आहे, पाऊस होता. सो काय?" हर्षवर्धन हसला.

"गुरुवारी तिन्ही सरळ. शुक्रवारी ऊन होतं, तूच म्हणालास. तरी मधली सरळ. म्हणजे शुक्रवारी आत फरशाच होत्या. मग तू पाहिलेल्या माशा पराग घेऊन फरशांना भरवायला चालल्या होत्या का रे?"

हर्षवर्धनचं हसू विरलं.

"बुधवारी तू बॅटरी काढलीस, म्हणजे काटा बंद. पेटी अख्खी उचललीस. तिच्या जागी दुसऱ्या रिकाम्या पेटीत मोजून तेवढ्याच वजनाच्या फरशा भरल्यास, मग बॅटरी लावलीस. वजन अगदी बरोब्बर जुळवलंस. श्वास तेवढा विसरलास."

"अरे, पण का?" उपेंद्रदादा ओरडले.

हर्षवर्धन फावड्याला टेकून खाली बसला. "ऑर्ला, माझी गर्लफ्रेंड... तिचे बाबा नास गावात माशा पाळतात. मी थाप मारली, माझ्याकडे पण आहेत. तर युवर मॅन, म्हणजे तो म्हातारा, म्हणाला, आण की एक पेटी. म्हटलं, उन्हाळ्यानंतर गुपचूप परत ठेवीन. आज ताई उघडतील असं वाटलंच नव्हतं."

"आणि माझं काय होणार होतं?" गुंजनने विचारलं.

माधवीताईंनी गुंजनचा हात धरला, घट्ट. मग फोन उघडून म्हणाल्या, "सासरेबुवांचा नंबर सांग."

"ताई, प्लीज! मी जातो, आत्ता जाऊन पेटी आणतो."

"जा ना," गुंजन म्हणाली आणि तिने कडी काढली.

फटीतून गुणगुण आत घुसली. हर्षवर्धनने बाहेर पाहिलं, ताईंच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि घाईघाईने स्वतःच कडी परत लावली.

"शून्य आठ तीन..." तो सांगायला लागला.