घर निवळलं तेव्हा

हे ऐकून माझी सख्खी बहीण हसली होती. तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही. मात्र यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. भरदुपारची आहे.

थंडीचे दिवस होते, सुट्टीचा वार होता, जेवणं उरकली होती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. घरात आम्ही तिघी. मी, माझी सून आणि तिची मुलगी, म्हणजे माझी नात. मुलगा बोटीवर नोकरीला आहे. घरी येतो तो पाहुण्यासारखा.

आधी आमच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

इंजेक्शनची औषधं भरतात त्या कारखान्यात माझं सगळं तरुणपण गेलं. काम कुप्या बघायचं. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा फळा आणि वर दिवा. काचेची कुपी हातात घ्यायची, गरकन फिरवायची आणि एकदम थांबवायची. कुपी थांबते, पण आतलं औषध फिरत राहतं. मग हळूहळू निवळतं. सगळं स्थिर होत असताना जे हलत खाली येतं, तो दोष. काचेचा कण चमकत झपकन तळाला बसतो. कापडाचा धागा रेंगाळत, तरंगत, आपल्या सवडीने बसतो. पुन्हा फिरवलं की पुन्हा वर.

आमच्या वेळी हे काम बोलत बोलत चालायचं. एकीचं जमत आलेलं लग्न, दुसरीची सासू, तिसरीचा दर महिन्याला नोकरी सोडणारा नवरा. हात कुप्यांवर, डोळे फळ्यावर आणि जिभा मोकाट. सुपरवायझर बाई दटावायच्या, पण एखादी बातमी अर्ध्यावर राहिली की त्याच खुर्ची ओढून बसायच्या. त्या दुपारी अजून माझ्या कानात आहेत. कण सुटायचे का? सुटायचे. म्हणून तर पुढे पुन्हा तपासणारी दुसरी बाई असायची.

मी निवृत्त झाल्यावर सून त्याच खात्यात लागली.

आणि सून म्हणजे... काय सांगू! तोंडाला कुलूप नाही आणि डोकं जाग्यावर नाही. दूध उतू घालवायची. किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यायची. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून कामावर जायची आणि तिथे स्वतःच सगळ्यांना दाखवून हसायची. मी म्हणायचे, मानेला जोडलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर डोकंही बसमध्ये विसरून आली असतीस.

"कुणीतरी आणून दिलं असतं, आई," ती म्हणायची. "रिकामं डोकं ठेवून कोण घेणार?"

पण तिच्या नजरेतून दोष असलेल्या कुप्या फार सुटू लागल्या. साहेबांनी बजावलं की असंच चाललं तर पॅकिंगला पाठवू. तिथे पगार कमी. ती घाबरली.

नेमका तेव्हाच कारखान्यात पट्टीचा प्रयोग आला.

कपाळाभोवती बांधायची पट्टी. आत ओले स्पंज, त्यांतून अगदी सौम्य वीज जायची. मुंग्या आल्यासारखं वाटतं, एवढंच. तीच पट्टी माणसाचं लक्ष किती टिकतंय तेही मोजायची. लक्ष एका जागी असेल तोवर कानात एक बारीक सूर वाजत राहायचा. मन भटकलं की सूर बंद. मग सूर परत यावा म्हणून मन आपोआप परत यायला शिकायचं. आजारी माणसांसाठी नव्हतं ते. चांगल्या धडधाकट बायकांचं लक्ष आणखी वाढावं म्हणून होतं. पट्टी बांधायला एक संशोधक मुलगी यायची. हुशार, गोड बोलणारी. जबरदस्ती कुणावर नव्हती. सून आपणहून पुढे झाली.

गुण आला. नाही म्हणणार नाही.

दूध उतू जायचं थांबलं. किल्ली खिळ्यावर दिसू लागली. कामावर तिच्या नजरेतून एकही दोषी कुपी सुटेना. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मीही शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

मग एकदा नात खेळताना पडली. गुडघा फुटला. रडत घरी आली.

पूर्वीची सून असती तर आधी स्वतः रडली असती, मग हळद शोधताना डबा सांडला असता, मग दोघी हसल्या असत्या. या वेळी तिने जखम धुतली. औषध लावलं. बँडेज बांधलं, अगदी नर्ससारखं नीटनेटकं.

एक शब्द बोलली नाही.

नात रडायची थांबली आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात बरेच दिवस कुणी बोललंच नव्हतं.

आणि त्या शांततेत... काहीतरी वाजत होतं.

बारीक. एकसारखं. डासाच्या आवाजापेक्षा बारीक, पण न हलणारं. मी नळ बघितला, दिवा बघितला, फ्रिजचं बटण बंद करून बघितलं. आवाज तिथला नव्हता. खोलीत कुठूनही ऐकला तरी तेवढाच.

मी सुनेला विचारलं, तुझ्या त्या पट्टीचा सूर कसा असतो गं?

तिने तोंडाने काढून दाखवला.

तोच.

पट्टी कारखान्याबाहेर कधीच येत नसे. रोज ती संशोधक मुलगी पेटीत घालून घेऊन जायची.

आता त्या दुपारचं सांगते.

नात चटईवर झोपली होती. सून भिंतीला टेकून बसली होती, मी दाराशी. शेजारचा टीव्ही कुणीतरी बंद केला. खालची मुलं घरी गेली. एकेक आवाज कमी होत गेला आणि सगळं स्थिर झालं.

मग... सूर लागला.

मी उठायला गेले.

"हलू नका, आई," सून हळूच म्हणाली.

ती नातीकडे बघत नव्हती. नातीच्या वर, हवेत बघत होती.

मी विचारलं, काय आहे?

"सगळं थांबलंय ना? पण ते थांबलेलं नाही. बघा. खाली बसतंय."

हे शब्द मी जन्मभर वापरले होते, पण कुपीबद्दल.

"धाग्यासारखं आहे," ती म्हणाली. "घाईत नाही. मागे बघितलं तेव्हा छताजवळ होतं. आता दाराच्या कडीएवढं खाली आलंय."

खरं सांगते, मला काहीच दिसलं नाही. मला फक्त नात दिसली. आणि नातीने... झोपेतच पाय पोटाशी घेतले. अंथरुणात दुसऱ्या कुणाला जागा करून द्यावी तसे.

माझ्या हाताशी स्टीलचं पातेलं होतं. मी ते फरशीवर आपटलं.

सूर तुटला. नात दचकून उठली आणि रडू लागली. तिचं रडणं मला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

"गेलं वर," सून म्हणाली. "ढवळलं की वर जातं. तुम्हाला माहीतच आहे."

मी तिला विचारलं, हे आलं कुठून? पट्टीतून?



"नाही, आई. ते असणारच आधीपासून. मी बडबड करायचे, पाडापाड करायचे, त्याला बसूच देत नव्हते. मला तेव्हा दिसायचं नाही, एवढंच."

"मग बोल ना," मी म्हटलं. "पूर्वीसारखी बोल. काहीही बोल."

तिने तोंड उघडलं. खरंच प्रयत्न केला. मग डोळ्यांत पाणी आलं.

"सुचतच नाही," ती म्हणाली. "मन कुठे जातच नाही."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. ती संशोधक मुलगी आदराने वागली, खुर्ची दिली. प्रयोग पूर्ण झाला होता. सगळ्या बायकांच्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. तिने पट्टी सगळ्यांत आधी स्वतःला लावून बघितली होती, कसलाही त्रास नाही. ती सांगत होती आणि मी तिच्या टेबलाकडे बघत होते.

टेबलावर पंखा चालू होता. तिच्या अंगात दोन स्वेटर, आणि पंखा चालू. कपाटावर रेडिओ चालू. कोपऱ्यात नळ थेंबाथेंबाने बादलीत सोडलेला.

मी म्हटलं, पोरी, तुलाही दिसतं का?

ती खाली बघून म्हणाली, "घरात काहीतरी चालू ठेवा, आजी. काही दिवस उपयोग होतो."

"आणि नंतर?"

"नंतर त्याची सवय होते."

कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

आम्ही रेडिओ लावला, पंखे लावले, भांडी वाजवली. शेजारी भांडायला आले. मला ते भांडणही हवंसं वाटलं, मी मुद्दाम वाढवलं. पण लहान मूल कधीतरी झोपणारच. आम्ही तिला आळीपाळीने खांद्यावर टाकून घरभर फिरवायचो. शाळेत जाणारी मुलगी ती, जड. माझे गुडघे राहिले नाहीत. सून फिरवायची तेव्हा तिची नजर सारखी वर. मधूनच वाट बदलायची. घरात एखादं जाळं लोंबत असावं आणि ते चुकवावं तशी.

शेवटी आम्ही नातीला तिच्या मामाकडे पाठवलं. मामाच्या घरी पाच पोरं, दोन कुत्रे, शिवाय खाली दुकानं. दिवसभर गोंधळ. तिथे काय बसणार खाली, असं मला वाटलं.

ती गेली त्याच दिवसापासून आमच्या घरातला सूर बंद झाला.

मला हायसं वाटलं. सुनेला नाही.

"इथे नाहीये ते," एवढंच म्हणाली.

नात रोज शाळेतून आल्यावर फोन करायची. एका दुपारी मामाची पोरं कुठल्याशा समारंभाला गेली होती. हिला ताप होता म्हणून ही घरीच. मामा खाली दुकानात, कुत्रे त्याच्यापाशी.

"आजी, बोलत राहा," ती म्हणाली. "तू थांबलीस की इथे वाजतं."

मी बोलू लागले. तपासणी खात्यातल्या बायकांच्या गोष्टी सांगितल्या. लग्न सांगितलं, सासू सांगितली, नोकरी सोडणारा नवरा सांगितला. ती हसली. मग हुंकार देऊ लागली. मग हुंकारही थांबले. तापाच्या ग्लानीत फोन कानाशी धरूनच ती झोपली.

मी ओरडले. कितीतरी वेळा हाक मारली.

फोनमध्ये श्वास ऐकू येत होता. आणि श्वासामागे... तो सूर.

सून माझ्याजवळ बसली होती. आमच्या भिंतीवर काहीच नव्हतं, पण तिची नजर भिंतीवरून खाली येत होती. हळूहळू. सावकाश. खुंटीपाशी. खिडकीच्या कठड्यापाशी. खाली.

मग तिने डोळे मिटले.

सूर थांबला.

तेवढ्यात मामा वर आला असावा. त्याने फोन उचलला. मी म्हटलं, तिला उठव, आत्ताच्या आत्ता उठव. तो हसला. म्हणाला, झोपू दे की आता, ताप उतरलाय, किती शांत झोपलीये.

नात आता परत आली आहे.

तिला काहीही झालेलं नाही. डॉक्टरांनी बघितलं. वजन चांगलं आहे. शाळेत बाई म्हणतात, वर्गात हिच्याइतकं लक्ष कुणाचंच नसतं. वस्तू जागच्या जागी ठेवते. सांडत नाही, पडत नाही, रडत नाही. सून कामावरून येते आणि तिच्यासमोर बसते. दोघी एकमेकींकडे बघतात. सून आता वर बघत नाही.

बोलते ती मी एकटी. ढवळलं तर वर जाईल या आशेने दिवसभर बोलते. नात समोर बसून ऐकते, पापणी न हलवता. आठवणी माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण वय झालं. काल सुपरवायझर बाईंची गोष्ट सांगायला घेतली, आणि तिने हात वर केला.

"हे सांगून झालंय, आजी," ती म्हणाली.

मी दुसरं काही आठवू लागले.

आठवेना.

मग आम्ही तिघी गप्प बसलो.